नऊ धोकादायक फायली

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांची सध्याची परिस्थिती पाहता आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकली, उरलेली तीन पोचली असं समजावं.) इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे जे मोडायचं होतं ते मोडून झालं आणि उरलेलं चालू आहे. तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना, की बाटली उशाशी ठेवली म्हणजे औषध लागू पडतं अशी अजून तुझी समजूत आहे? कंबर काय म्हणते? जिना उतरताना कठडा धरतेस का? या सर्व प्रश्नांची उत्तरं सवडीने द्यावीत. मी तुला उत्तर द्यायला किती सवड घेतली ते तुला ठाऊकच आहे.

हे पत्र तुझी सूनबाई तुला वाचून दाखवणार हे धरून लिहितो आहे. सूनबाई, तुला सूचना अशी की कंसातला मजकूर फक्त तुझ्यासाठी असून तो मनातल्या मनात वाचावा. वरचा गुडघ्यांचा कंस एव्हाना मोठ्याने वाचून झाला असेल तर झाला, त्याला इलाज नाही. इथून पुढे काळजी घे. (अक्काला संशय येऊ नये म्हणून कंस आला की घसा खाकरावा आणि घोटभर पाणी प्यावं. कंस बरेच आहेत, तेव्हा तांब्या भरून जवळ ठेव.)

अक्का, तुझं पत्र आलं त्याला परवा दोन वर्षं दोन महिने झाले. आमच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एवढ्या विलंबाला विलंब म्हणत नसत, पण तू काही कचेरी नाहीस. पत्रात तू काय मागितलंस याचा मला पुरता अंदाज आहे. (पत्र मी उघडलं होतं, वाचलं नव्हतं. हे दोन वेगळे टप्पे आहेत आणि दोन्हींच्या मध्ये आमच्याकडे एक सही असते. ती मी केली होती.) तू म्हणशील, नमनालाच घडाभर तेल, म्हणून मुद्द्याचं आधी सांगतो. आमच्या हिने, म्हणजे तुझ्या धाकटीने, तुझ्यासाठी मोठ्याने वाचून ठेवलेली नऊ प्रकरणं ज्या संगणकात आहेत, त्या संगणकावर गेल्या महिन्यात संकट आलं. ती प्रकरणं दुसरीकडे कुठेही नाहीत. ती गेली असती तर तुझी गोष्ट अर्धवट राहिली असती, आणि धाकटीचा आवाज या घरातून दुसऱ्यांदा गेला असता.

आता क्रमाने सांगतो. तुझ्या डोळ्यांवर पडदा उतरला आणि तू फोनवर म्हणालीस की आता वाचणं संपलं, त्यानंतर आठवड्याच्या आत धाकटीने शिवणयंत्राशेजारच्या टेबलावर हा संगणक आणून मांडला, त्याला माइक लावला, आणि तू निम्म्यावर सोडलेली ती जाडजूड कादंबरी पहिल्या पानापासून वाचायला घेतली. (मी म्हटलं होतं की निम्म्यापासून घे, वेळ वाचेल. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खोलीबाहेर गेलो.) अकरा प्रकरणं तुला पोचली. काडेपेटीत कापूस, कापसात बोटभर पेन ड्राइव्ह, आणि वर माझा जावक क्रमांक. अकराव्या प्रकरणाच्या शेवटी ती बाई पेटी हातात घेऊन बंदराच्या धक्क्यावर उभी राहते, जहाजाचा भोंगा होतो, आणि चढावं की घरी परतावं हे तिला ठरवता येत नाही. तेवढ्यात धाकटी आजारी पडली. आजारपणातही तिने बारा ते वीस अशी नऊ प्रकरणं वाचली, पण पाठवायची राहिली. मग ती गेली. तेव्हापासून ती बाई धक्क्यावर उभीच आहे आणि तू तिच्याबरोबर उभी आहेस, हे मला माहीत होतं.

(सूनबाई, मी का पाठवली नाहीत ते विचारू नकोस. विचारतेच आहेस तर सांगतो. मला वाटायचं, त्या फायलींना हात लावला की ती बोलायला लागेल. संगणकावर मी तिनेच शिवलेला टेबलावरचा रुमाल घालून ठेवला होता आणि त्यावर वर्तमानपत्रांची चळत. इथे पाणी पी.)

दोन वर्षं रुमाल निघाला नाही. तो निघाला गुडघ्यांमुळे. डॉक्टरीणबाईंनी व्यायाम सांगितले, आणि चित्रं इंटरनेटवर बघा म्हणाल्या. मी संगणक चालू केला. पडद्याच्या डाव्या बाजूला 'अक्कासाठी' असं लिहिलेली, त्या नऊ फायलींची पिवळी चौकट होती, म्हणून मी पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागातच काम करायचं ठरवलं. गुडघ्याच्या व्यायामाचं एक पान सापडलं, पण ते उघडेना. त्याचं म्हणणं असं की तुम्ही रोबो नसाल तर 'परवानगी द्या' इथे दाबा. अक्का, चौतीस वर्षं मी आवक-जावकच्या टेबलावर काढली, पण हा प्रश्न मला कोणी असा लेखी विचारला नव्हता. मी गंभीरपणे विचार केला आणि दाबलं.

इथे माझी जी चूक झाली ती समजून घे, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. आमच्या कचेरीत टेबलावर आलेल्या प्रत्येक कागदावर मी कोपऱ्यात 'पाहिले' असं लिहून सही करत असे. 'पाहिले' म्हणजे मान्य नव्हे, अमान्य नव्हे, वाचलं असंही नव्हे. कागद माझ्यासमोरून गेला, एवढंच. या एका शब्दावर मी चौतीस वर्षं निर्धास्त झोपलो. तेव्हा संगणकाने काहीही विचारलं की मी 'पाहिले' या अर्थाने दाबत गेलो. 'परवानगी द्या', पाहिले. 'सूचना मिळवा', पाहिले. 'सहमत आहे', पाहिले. निवृत्तीनंतर घरीही मी आवक नोंदवही ठेवतो हे तू जाणतेसच. (धाकटीने एकदा तीत रीतसर अर्ज दाखल केला होता, विषय: स्वयंपाकघरातला नळ गळतो. आवक क्रमांक सतरा. शेरा: पाहिले. आठ महिन्यांनी तिने स्वतः प्लंबर आणला आणि शेऱ्याच्या रकान्यात 'पाहिले तेवढे पुरे' असं लिहिलं. ते पान मी अजून फाडलेलं नाही.)

दुसऱ्या दिवसापासून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून, म्हणजे नेमक्या माझ्या भागातून, इशारे यायला लागले. तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले. तुमचं संरक्षण आज संपलं. तुमची माहिती चोरीला जात आहे, आत्ता, या क्षणी. मी भिंतीला हात टेकून, उजवा पाय मागे वाकवून, दहा आकडे मोजत उभा असायचो आणि सातव्या आकड्याला 'धोका!' अशी लाल पाटी यायची. पाय खाली टेकवावा तर व्यायाम मोडतो, न टेकवावा तर संगणक जातो. सरकारी नोकराला अशा वेळी एकच मार्ग ठाऊक असतो. मी एका पायावर लंगडत नोंदवहीकडे गेलो आणि इशारा नोंदवून घेतला.

पंधरा दिवसांत असे त्रेपन्न इशारे नोंदवले. प्रत्येकाला उत्तरही तयार केलं, कारण आलेल्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे असं मी कारकिर्दीत नव्या कारकुनांना सांगत आलो. (हे वाक्य पुन्हा वाच, सूनबाई, आणि माझ्याबद्दल तुला जे वाटायचं ते वाटू दे.) एका इशाऱ्यात लिहिलं होतं की कार्यवाहीसाठी चार मिनिटं एकोणसाठ सेकंद उरले आहेत. मी पंधरा कामकाजाच्या दिवसांची मुदतवाढ मागितली. 'शेवटची सूचना' सतरा वेळा आली. आमच्याकडे ती फक्त तीनदा जात असे आणि चौथ्यांदा पाणी तोडत, म्हणून मी त्यांना त्यांच्या कामातली ही ढिलाई नम्रपणे कळवली. सगळी उत्तरं सुवाच्य अक्षरात लिहून झाली, पण पाठवायची कुठे हे कोणत्याच इशाऱ्यावर नव्हतं. त्यामुळे जावक रकान्यात त्रेपन्न वेळा 'पत्ता नाही' असं लिहावं लागलं.

मग एका दुपारी अख्खा पडदा लाल झाला आणि आतून भोंगा वाजायला लागला. संगणक बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा. मला बरंच वाटलं, शेवटी एकदाचा पत्ता मिळाला. फोन लावला. पलीकडे एक गृहस्थ फार अदबीने बोलत होते. मी त्यांचं पूर्ण नाव, हुद्दा, कोणत्या इशाऱ्यासंदर्भात बोलत आहोत त्याचा क्रमांक, आणि त्यांच्या वरिष्ठांचं नाव विचारलं. त्यांनी फोन वरिष्ठांनाच दिला. वरिष्ठांचा आवाज हुबेहूब त्यांच्यासारखाच होता, फक्त त्यांना सर्दी झाली होती. वरिष्ठ म्हणाले, एक प्रोग्राम उतरवून घ्या, म्हणजे मला इथून तुमचा संगणक उघडता येईल. मी म्हटलं, बाहेरच्या माणसाला दप्तरखान्यात सोडायचं तर लेखी मागणी, ओळखपत्राची प्रत आणि भेटीचं कारण लागतं. ते म्हणाले, सर, व्हायरस पसरतोय. मी म्हटलं, पसरू द्या, तोवर कारण सांगा. पेन वाळलं होतं, ते बदलायला मी त्यांना थांबवलं. मग चष्मा बदलायला थांबवलं. त्रेपन्न उत्तरांपैकी एकोणीस वाचून दाखवली. पाऊण तासाने त्यांची सर्दी अचानक बरी झाली आणि ते पहिल्याच आवाजात म्हणाले, "काका, हात जोडतो, फोन ठेवा." मी ठेवला नाही, कारण संभाषणाचा समारोप व्हायचा होता. त्यांनीच ठेवला.

या विजयाने मी थोडा चढलो, हे कबूल करतो. दोन दिवसांनी कोपऱ्यातून एक फार सभ्य सूचना आली. तिच्यात लाल रंग नव्हता, भोंगा नव्हता. तुमचा संगणक आम्ही मोफत साफ करून देतो, कृपया हा फॉर्म भरा. अक्का, फॉर्म पाहिला की मी विरघळतो. नाव, वय, पत्ता, संगणक कधी घेतला, तक्रारीचं स्वरूप. लहानपणी तू मला जत्रेतल्या जुगारी चक्रीवाल्यापासून हात धरून ओढून न्यायचीस, तसं त्या वेळी कोणीतरी ओढायला हवं होतं. मी सगळे रकाने भरले, तक्रारीत गुडघेही घातले, आणि तो सफाईवाला प्रोग्राम घरात आला. आल्याबरोबर कामाला लागला. चहा होईपर्यंत त्याने एक हजार चारशे बारा दोष मोजले. इतका तडफदार तपासनीस मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. कप हातात घेऊन मी कौतुकाने बघत बसलो. आणि मग पडद्याच्या मधोमध पाटी आली: अत्यंत धोकादायक फायली, नऊ. खाली त्यांची नावं एकाखाली एक होती. अक्कासाठी बारा, अक्कासाठी तेरा, अशी वीसपर्यंत. त्यांच्याखाली एकच बटण होतं, 'काढून टाका'.

मी नावं वाचली. ती वाचत असतानाच माझ्या बोटाने दाबलं. कोणी विचारलं तर मला शपथेवर सांगता येईल की मी ठरवून दाबलं नाही. समोर काही आलं की बोट खाली जातं, चौतीस वर्षांची सवय. डाव्या बाजूची पिवळी चौकट उघडून बघितली, तिकडे दोन वर्षांत पहिल्यांदा गेलो, तर आत काहीच नव्हतं. (सूनबाई, इथे मी रडलो. ती गेली तेव्हा घरात माणसं होती, कागदपत्रं होती, सह्या होत्या, रडायला सवड झाली नव्हती. या वेळी झाली. चहावर साय धरली होती एवढं आठवतं. अक्काला सांग की मामांना इथे जरा ठसका लागला.)

संगणक दुरुस्त करणाऱ्या बाई आमच्या गल्लीच्या टोकाला घड्याळांच्या दुकानात अर्ध्या जागेत बसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, बोलणं बेताचं. मी त्यांच्यासमोर नोंदवही ठेवली. त्यांनी ती बाजूला सारली नाही, हे मला फार आवडलं. ओळीवर बोट ठेवून त्रेपन्न नोंदी शांतपणे वाचल्या, मुदतवाढीच्या अर्जापाशी क्षणभर थांबल्या, आणि म्हणाल्या, "काका, यातला एकही व्हायरस खरा नाही. खरा एकच, चोपन्नावा. त्याला तुम्ही स्वतः फॉर्म भरून घरात घेतलंत." म्हणजे साप साप म्हणून मी पंधरा दिवस भुई धोपटत होतो आणि खरा साप आला तेव्हा त्याला अर्ज भरून पाट मांडला. त्या पहिल्या गुडघ्यांच्या पानाला मी परवानगी दिली म्हणून इशारे येऊ लागले, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, परवानगी कुठे दिली, मी नुसतं पाहिलं. त्या म्हणाल्या, "यंत्राला तो फरक कळत नाही हो." जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या, "माणसांनाही कळत नसेल."

दीड तास त्या काम करत होत्या. मी शिवणयंत्राच्या स्टुलावर बसून होतो आणि मला एकच विचारायचं होतं, पण विचारवत नव्हतं. शेवटी त्यांनीच खुर्ची वळवली. म्हणाल्या, फायली आहेत. त्या सफाईवाल्याने काढून टाकल्या असं सांगितलं तेही खोटंच होतं, नुसत्या लपवल्या होत्या. आधी घाबरवायचं, मग परत मिळवून देतो म्हणून मागायचं, असा त्यांचा धंदा. चोराच्या उलट्या बोंबा मी खूप ऐकल्या आहेत, पण कोणी खोटारडा निघाला याचा मला एवढा आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. बाई म्हणाल्या, आता सगळं पुसून नव्याने भरायला हवं, त्याआधी या नऊ फायली दुसरीकडे काढून ठेवते, पण त्या धड आहेत की मध्येच तुटल्यात ते मला कळणार नाही, तुम्हालाच ऐकाव्या लागतील. मी काही म्हणायच्या आत त्यांनी बारावं प्रकरण लावलं.

पहिल्यांदा पान उलटल्याचा आवाज आला. मग धाकटी म्हणाली, "अहो, तो पंखा बंद करा, घरघर येतेय." अक्का, मी उठलो आणि पंखा बंद केला. बटणावर हात ठेवून, भिंतीकडे तोंड करून तसाच उभा राहिलो. मागे तिने वाचायला सुरुवात केली होती. ऊन चांगलंच होतं, खोली तापत होती. बऱ्याच वेळाने दुरुस्तीवाल्या बाईंनी कपाळावरचा घाम पुसला, पण पंखा लावा असं त्या म्हणाल्या नाहीत.

मग सहा दिवस, दुपारच्या जेवणानंतर, मी नऊच्या नऊ प्रकरणं ऐकली. सगळी धड आहेत. तेराव्यात दाराची घंटा वाजते आणि धाकटी म्हणते, "कोण आलंय बघा हो," तेव्हा मी जाऊन बघून आलो. (कोणी नव्हतं. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हाही जाऊन आलो.) सोळाव्यात एका पानावर ती इतकी हसते की पुढचं वाक्य तीनदा सुरू करावं लागतं, आणि ते वाक्य एवढं काही हसण्यासारखं नाही. सतराव्यापासून खोकला आहे. एकोणिसाव्यात प्रत्येक परिच्छेदानंतर ती थांबते. थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येतो आणि मग परत ती बाई, तिची पेटी, तिचा नवरा. आणि त्या थांबण्यात, अक्का, लक्ष देऊन ऐकलंस तर मागे एक बारीक सर्र, सर्र आवाज येतो. मी चारदा ऐकला तेव्हा ओळखला. मी पलीकडच्या खोलीत पट्टी धरून नोंदवहीला रेघा मारतो आहे. ती इकडे दम घेत थांबली होती आणि मी तिकडे रकाने आखत होतो. मला याची लाज वाटते, आणि हे मी कंसात लिहीत नाही.

विसावं प्रकरण संपल्यावर ती पुस्तक मिटते आणि तुझ्याशी बोलते. ते तू स्वतः ऐकशीलच, पण त्यात माझ्याविषयी उल्लेख असल्याने उतरवून देतो. "अक्का, आता एकच प्रकरण राहिलंय, तेवीस पानं. माझ्याच्याने होईल असं वाटत नाही. हे वाचतील. मी त्यांना तोंडी सांगत नाही, तोंडी सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तुम्हाला फोनवर सांगून ठेवीन, तुम्ही त्यांना लेखी कळवा."

तरी अक्का, या पत्राद्वारे नम्र विनंती अशी की शेवटचं प्रकरण मी वाचावं असा दोन ओळींचा लेखी आदेश आपल्या सहीने पाठवावा, म्हणजे मला पुढील कार्यवाही करता येईल. मी वाचलेलं कोणाला ऐकवेल असं मला वाटत नाही, माझा सूर पाणी कपातीच्या सूचनेसारखा लागतो, हे आधीच कळवून ठेवतो. आदेश आल्यावर दहाही प्रकरणं एकदम पाठवीन.

मोठं माणूस आता तुझ्यावाचून कोणी उरलेलं नाही, तेव्हा घरातले सगळे नमस्कार एकट्या तुलाच. आशीर्वाद सूनबाईने घ्यावेत, एवढं वाचल्यावर तिने ते कमावले आहेत.

तुझा,
भाऊ
(आवक-जावक)

ता. क. वरचं पत्र आठ दिवसांपूर्वी लिहून संपलं होतं. पाठवण्याआधी तुझ्या मूळ पत्राचा क्रमांक संदर्भात घालावा म्हणून नोंदवही मागे चाळली. आवक क्रमांक दोनशे बारा. कोणाकडून: अक्का. विषयाचा रकाना कोरा. शेरा: पाहिले. त्याच्यापुढच्या पानांवर त्रेपन्न लबाडांना दिलेली त्रेपन्न उत्तरं. मग पत्र शोधून काढलं आणि या वेळी वाचलं. मला वाटलं होतं सूनबाईच्या हातचं असेल. ते तुझ्या हातचं आहे. एका ओळीत तीन-तीन शब्द, अक्षरं बोटभर, ओळी वर चढत गेलेल्या, एका जागी कागद संपून तू टेबलावरच लिहीत गेली असशील. ते इथे उतरवून ठेवतो, म्हणजे दप्तरी राहील: "धाकटीने तुला लेखी कळवायला सांगितलंय, म्हणून कळवते. शेवटचं प्रकरण तू वाचायचंस. मला दिसत नाही म्हणून नाही, तुला करमावं म्हणून. घाई नाही."

ता. क. दुसरा. तेव्हा वरील पत्रातली आदेशाची विनंती रद्द समजावी. आदेश दोन वर्षं दोन महिने माझ्याकडेच पडून होता. पंखा बंद करून चार दिवसांत तेवीस पानं वाचली. सोबतच्या काडेपेटीत दहा फायली आहेत. दहाव्यातला आवाज माझा आहे. अडखळलो तिथे पुन्हा वाचलेलं नाही, कारण तिनेही पुन्हा वाचलं नव्हतं. ती बाई जहाजात चढली की नाही ते सांगत नाही, ऐक.

ता. क. तिसरा. सूनबाई, आता तांब्या खाली ठेव, पहिल्या पानावर परत जा, आणि सगळे कंस अक्काला मोठ्याने वाचून दाखव.

ता. क. शेवटचा. अक्का, पुढचं पुस्तक कोणतं वाचायचं ते कळव. तोंडी सांगितलंस तरी चालेल.